डीनसर आणि सिपनेतले मासे

डीनसरांकडे लोक एक्स-रे घेऊन यायचे. अकोल्याकडच्या त्यांच्या गावात डीन म्हणजे मोठ्या दवाखान्याचा मुख्य डॉक्टर, एवढंच ठाऊक होतं. अमरावतीत, विद्यापीठाच्या कार्यालयात, एखादी म्हातारी गुडघ्याचा फोटो टेबलावर ठेवायची आणि सर तो खिडकीशी धरून गंभीरपणे बघायचे. मग म्हणायचे, "माय, मी कागदाचा डीन हावो. माह्याकडचा पेशंट मरत नाही अन् बराही होत नाही. पुढच्या बैठकीपर्यंत पडून रायते." तरी दवाखान्यातल्या कुणाला तरी फोन लावून तिचा नंबर लावून द्यायचेच.

मी त्यांच्या कार्यालयात कंत्राटी टंकलेखक होतो. मानव्यविद्या शाखेचे अभ्यासक्रम, परीक्षा, संशोधन, सगळं अधिष्ठात्याच्या, म्हणजे डीनच्या, अखत्यारीत, असं नियमात लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात सरांच्या अखत्यारीत टेबलावरची घंटी होती आणि तीही कधीकधी वाजायची नाही. डीन झाल्यापासून सरांचं वर्गात शिकवणं सुटलं होतं. ते सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरत, ऑटोने येत आणि परतीच्या गाडीपर्यंत बैठका घेत.

एकदा इतिवृत्त टाइप करताना मी विचारलं, "सर, 'सविस्तर चर्चेअंती' लिहू का? चर्चा तर गिला वडा मागवायचा की समोसा, एवढीच झाली."

"पाऊन तास झाली ना? मंग सविस्तरच झाली. लिही."

भूगोलाचा नवा अभ्यासक्रमही असाच सविस्तर चर्चेअंती मंजूर झाला. अभ्यास मंडळाच्या अध्यक्षांनी तो अगदी शेवटच्या दिवशी आणला. सरांची गाडीची वेळ झाली होती. त्यांनी उभ्याउभ्याच सही केली.

पुढच्या वर्षी निकाल लागले आणि डोंगरातल्या सेमाडोहची फुलवंती गुणपत्रिका घेऊन दारात उभी राहिली. बी.ए.चं शेवटचं वर्ष, प्रकल्पात शून्य, म्हणून नापास. बी.एड.चा प्रवेश हातचा जाणार होता.

"सर, अभ्यासक्रमात लिहिलंय, जवळच्या मासेमारी बंदराची पाहणी करा," ती म्हणाली. "आमच्याकडे बंदर नाही. मी सिपना नदीवर प्रकल्प केला. कॉलेजवाले म्हणतात, बंदर नाही तर मार्क नाही."

सरांनी अभ्यासक्रम मागवला. कुठल्याशा किनाऱ्यावरच्या विद्यापीठाचा तो जसाच्या तसा उतरवलेला होता. नारळाच्या बागा, खारफुटी, बोटींचे प्रकार, सगळं वऱ्हाडातल्या पोरांसाठी सक्तीचं. खाली सरांची सही. त्यांचा चेहरा पडला.

मग ते फुलवंतीची वही उघडून बसले. कोणत्या डोहात कोणता मासा, कोणत्या महिन्यात मिळतो, कोण धरतं, कसलं जाळं लावतं, तिने नकाशे काढून लिहिलं होतं. दुपारची बैठक सरांनी रद्द केली. "लय दिवसानं काही वाचलं, बाप्पा," वही मिटताना ते म्हणाले.

सरांनी विषय विद्या परिषदेत नेला. तिथे अभ्यास मंडळाच्या अध्यक्षांनी शांतपणे खुलासा केला, की ही टंकलेखनाची चूक आहे. माणूस कंत्राटी आहे, काढून टाकता येईल. मी कोपऱ्यात इतिवृत्त लिहीत होतो. स्वतःची हकालपट्टी स्वतःच नोंदवायची होती.

सर उठले. एरवी सभेत ते पुस्तकी मराठी बोलत.

"टायपिस्टानं काय अख्खा समुद्र टाइप केला? उतरवलं तुमी, अन् न वाचता सही मी केली. पोरीनं मातर काम केलं. तिले शून्य अन् आपल्याले चहा-वडा, कावून?"

कुलगुरूंनी घसा खाकरला. "हे इतिवृत्तात घेऊ नका."

"घे रे," सर मला म्हणाले. मी घेतलं.

प्रकल्प पुन्हा तपासायचं ठरलं. माझी नोकरी वाचली. आणि आठवड्याभरात सरांना प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा देण्याचं सुचवण्यात आलं. त्यांनी लिहून दिलं, "माझी प्रकृती उत्तम आहे. न वाचता सही केल्यामुळे पद सोडत आहे." आदेशात मात्र 'प्रकृतीच्या कारणास्तव' असंच छापून आलं, आणि निरोपाच्या कार्यक्रमात तीन वक्त्यांनी त्यांना विश्रांतीचा सल्ला दिला.

फुलवंतीची नवी, पास झाल्याची गुणपत्रिका पोस्टाने गेली असती. पण सर मला घेऊन परतवाड्याहून बसने निघाले. घाटात त्यांना दोनदा उलटी झाली. सेमाडोहला फुलवंतीने कागद उभ्यानेच वाचला, पुन्हा वाचला, आणि आईला दाखवायला आत पळाली.

तिच्या वडिलांनी आम्हाला ओसरीवर जेवायला बसवलं. स्वतः मात्र खांबापाशी उभेच राहिले. विद्यापीठातला साहेब घरी आला, म्हणून बिचकले होते. शेवटी त्यांनी विचारलं, "साब, आप उधर क्या काम करते?"

'अधिष्ठाता होते' असं सांगायला मी तोंड उघडलं. सरांनी मला थांबवलं.

"बच्चों को पढ़ाता था. सोमवार से फिर पढ़ाऊंगा."

"अच्छा, मास्टर हो!" वडिलांचा चेहरा खुलला. खांब सोडून ते आले आणि सरांच्या शेजारी मांडी घालून बसले.