बद्द वाजलेली नळी

माझी शेवटची पोस्टिंग डहाणूची. सैन्यातली नव्हे. तिथं चोवीस वर्षं आर्मरर म्हणून, म्हणजे हत्यारं दुरुस्त करायची नोकरी केली, हवालदार रँकवर घरी सरावलीला आलो, मग बरीच वर्षं शेती केली. दोन वर्षांपूर्वी गुडघे चिखलाला नको म्हणाले, तेव्हा डहाणूत हसमुखभाईंच्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात रुजू झालो. दुकान परवान्याचं. ड्युटी ०९३० ते १८३०. माझं शिक्षण सातवी. पण मी दुरुस्त केलेली रायफल त्याच दोषासाठी परत आली, असं कोणी दाखवून द्यावं.

दुकानात येतात त्या बहुतेक दुनळ्या, पीक राखणीच्या परवान्यावरच्या. हल्ली त्यात जुन्या विलायती दुनळीच्या नकलाही येतात. वर दिसणारे, ठोका मारणारे घोडे, नक्षी, अक्रोडाचा दस्ता, सगळं आजोबांच्या काळचं आणि बंदूक बनलेली परवा. मला या नकलांचं फार कुतूहल. रायफलला नळी एक, तिचं सगळं मला पाठ. इथं दोन, आणि त्याही सरळ शेजारी नाहीत. तोंडाकडे जरा एकमेकींकडे कललेल्या. असं का, म्हणून मी हसमुखभाईंना विचारलं.

"दोन्हीचा छर्रा एकाच जागी पडाय पाहिजे ने, काका."

साधी गोष्ट, पण चोवीस वर्षांत मला माहीत नव्हती.

गेल्या भातकापणीच्या आधी सुबेदार वरठा साहेब आपली दुनळी घेऊन आले. हे माझ्याच पलटणीचे, मॉर्टर सेक्शनचे, म्हणजे उखळी तोफांवरचे. घर तलासरीच्या डोंगराकडल्या पाड्यावर, शेती भात आणि नागलीची. रानडुकरं पळवायला ते रोज १८०० वाजता शेतातल्या राखणीच्या माळ्यावरून एक बार हवेत काढतात. बंदूक माळ्यावरून दगडावर पडली होती. डाव्या नळीला पोचा.

"आर्मरर, अजून हात चालतो का तुझा?"

"साहेब, तुमचे डोळे चालतात का ते सांगा. बंदूक पडलीच कशी?"

पोचा मी दोन दिवसांत काढला. आतून आरशासारखी नळी. पण ठोकलं तिथला काळा रंग गेला होता, पांढरा डाग दिसत होता. साहेबांची बंदूक मी डाग ठेवून देणार नव्हतो. सैन्यात आम्ही रायफलच्या नळ्या ब्लॅकिंगच्या टाकीत, कॉस्टिकच्या उकळत्या पाण्यात काळ्या करायचो. मी हजारो केल्या. तशी एक छोटी टाकी मी दुकानामागे हौसेने बनवून ठेवली होती.

हसमुखभाई म्हणाले, "काका, रहवा दो ने. दुनळीला हाताने रंग लावतात."

मी म्हटलं, "शेठ, तुम्ही दुकान बघा."

नळ्या टाकीतून निघाल्या त्या नव्या नवरीच्या केसांसारख्या काळ्या. साहेब खूश होऊन घेऊन गेले.

पाचव्या दिवशी, १४४५ वाजता, तशीच दुसरी नक्कल दुरुस्तीला आली. हसमुखभाईंनी नळ्या सोडवून दोऱ्याला टांगल्या आणि बोटाच्या पेराने टिचकी मारली. देवळातल्या घंटेसारखा आवाज, बराच वेळ टिकणारा.

"हे कशाला?" मी विचारलं.

"दोन नळ्यांच्या मधली पट्टी घट्ट आहे की नाय ते कळते. ढिली असेल तर बद्द वाजते. साहेबांची पण अशीच मस्त वाजली होती, तुम्ही पोचा काढला त्या दिवशी. उकळवल्यावर वाजवली तुम्ही?"

मी वाजवली नव्हती.

"नळ्या आणि पट्टी कथलाच्या डाखाने जोडलेल्या असतात, काका. तुमचं पाणी कथील खाते असं माझे बापा सांगायचे."

मी ते मानलं नाही. चुलीवर टाकी ठेवली, पाणी उकळू दिलं, तारेला कथलाचा एक तुकडा बांधून आत सोडला आणि घड्याळ बघत बसलो. वीस मिनिटांनी बाहेर काढला. तुकडा बारीक झाला होता, कडा कुरतडल्यासारख्या. पुन्हा सोडला. पुन्हा काढला. आणखी बारीक.

वेळ १५४०. साहेबांना फोन लावला. पाड्यावर रेंज नाही. रोजच्या बाराने पट्टी हलत जाणार, नळ्या एकमेकींपासून सुटणार, आणि नेमक्या तिथंच साहेबांचा डावा हात असतो. तलासरीची एसटी पकडली. तिथून जीप. जीप भरल्याशिवाय निघेना, तेव्हा मी उरलेल्या तीन सीटचे पैसे दिले. ड्रायव्हर म्हणाला, "आजोबा, लगीन आहे का?" मी म्हटलं, "गाडी चालव."

शेवटचा रस्ता पायी. गुडघ्यांचं काय झालं ते सांगत नाही. १७५५ ला शेताच्या बांधावर पोचलो. साहेब माळ्यावर उभे होते, बंदूक खांद्याला लागत होती. 'साहेब, थांबा' असं म्हणायला हवं होतं. तोंडातून फायरिंग रेंजवरची, बंदूक रिकामी करायची ऑर्डर निघाली.

"खाली कर."

हवालदाराने सुबेदाराला दिलेली ऑर्डर. पण त्यांच्या हातांनी ती ऐकली. बंदूक उघडली, दोन्ही काडतुसं काढली, मग त्यांनी वळून पाहिलं.

"कोण आहे रे?"

"आर्मरर, साहेब. नळी खराब आहे. मीच खराब केली."

वर चढलो. नळ्या सोडवल्या, माळ्याच्या बांबूला सुतळीने टांगल्या, टिचकी मारली. बद्द. फुटक्या मडक्यासारखी. साहेबांनी भाताचं एक पातं तोडून आणलं आणि नळ्यांच्या तोंडाकडून पट्टीखाली सरकवलं. चार बोटं आत गेलं.

"काल दोन बार काढले मी," ते म्हणाले. मग बसले. विडी काढली, पेटवली नाही. "तू चूक कबूल करणारा माणूस नाहीस. आज पळत आलास."

मी उत्तर देणार नव्हतो. पण नळ्या अजून सुतळीवर फिरत होत्या. मी बोललो.

वाळवंटातल्या फील्ड फायरिंगला आमच्या पलटणीचा एक मॉर्टर फुटला होता. नंबर दोन, म्हणजे नळीत बॉम्ब घालणारा, होता लान्स नायक देवजी माच्छी, झाई गावचा. जागीच गेला. चौकशीत लिहिलं गेलं की देवजीने घाईत एकावर एक दोन बॉम्ब घातले. पलटणीत सगळ्यांना हे माहीत होतं. मला आणखी एक गोष्ट माहीत होती. आदल्या दिवशी मी सेक्शनच्या चार मॉर्टरच्या नळ्या साफ केल्या होत्या. सवयीने प्रत्येकीला पान्याचा हलका ठोका दिला. तीन खणखणीत वाजल्या. चौथी, पुढे फुटली तीच, बद्द. तपासायला आलेल्या अधिकाऱ्याला सांगितलं. त्याने माप घ्यायचं गेज घातलं, नळी पास झाली. तो म्हणाला, "आवाज किस किताब में लिखा है?" मी सातवी पास. किताबापुढे गप्प बसलो. चौकशीतही मला कोणी बोलावलं नाही, आणि मीही गेलो नाही. त्यानंतर मी कोणाचं ऐकायचंच सोडलं. हसमुखभाईंचंही ऐकलं नाही.

साहेबांनी विडी परत खिशात ठेवली. डुकरं आली होती, खालच्या वाफ्यात आवाज येत होता. आम्ही दोघेही उठलो नाही.

"मी त्याच्या बाजूला उभा होतो," साहेब म्हणाले. "मी मोजत होतो. त्याने एकच घातला. मी चौकशीत तसं सांगितलं. त्यांनी विचारलं, मग नळी कशाने फुटली? मला सांगता आलं नाही."

"साहेब, मला शिवी द्या."

"देईन. आधी झाईला चल."

नळ्या हसमुखभाईंनी पुन्हा नवीन डाख देऊन जोडल्या, मी धरून बसलो, मध्ये बोललो नाही. पुढच्या रविवारी ०८१० च्या बसने आम्ही झाईला गेलो. देवजीची आई आता नाही. धाकटा भाऊ कानजी होडीला रंग देत होता. साहेब दर वर्षी त्याच्याकडे येतात, हे मला तिथं कळलं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तो ब्रश हातात धरून ऐकत होता. रंग वाळूवर गळत होता.

"गावात अजून बोलतात," तो म्हणाला. "देवज्या घाईचा होता, स्वतःच्या हाताने मेला म्हणून. आई तेच ऐकून गेली."

"मी गावात सगळ्यांना सांगतो," मी म्हटलं.

"तोंडी नको, काका. तुम्ही जाल, साहेब जातील. लिहून द्या."

मला लिहायची सवय नाही. एक कागद पुरेल असं वाटलं होतं, एवढे झाले. वाचणाऱ्याने बाकीचं विसरलं तरी चालेल, हे ठेवावं.

लान्स नायक देवजी माच्छी, मॉर्टर सेक्शन, नंबर दोन, राहणार झाई. त्याने ड्रिल बरोबर केली. बॉम्ब एकच घातला. दोष नळीत होता. तो मी आदल्या दिवशी ऐकला होता.

हवालदार आर्मरर रघुनाथ बारी, सेवानिवृत्त, सरावली.