नानांचा चष्मा आणि आमची खरी मतं

नवी वस्तू घरात आली की तिच्याबरोबर एक किस्सा फुकट येतो. आमच्याकडे तर किस्से इतके साठलेत की वस्तू भंगारात गेल्या तरी ते जात नाहीत!

आमच्याकडे म्हणजे कोलशेतला, नानांच्या तळमजल्यावरच्या घरात. नानांचं आयुष्य प्रेसमध्ये प्रुफं तपासण्यात गेलं. रविवारी सकाळी तिथे मी, सुधीर आणि म्हात्रेकाकू जमतो. काकू इथल्याच, मूळ गावातल्या. जिथे त्यांची भातशेती होती तिथे आता टॉवर आहेत, आणि मुलगा हौशी, त्यामुळे नवं गॅजेट सगळ्यात आधी त्यांच्याकडे येतं. नियम एकच. नेटवरचे रिव्ह्यू वाचायचे नाहीत, स्वतः वापरून खरं मत द्यायचं.

सुधीरने झाडू मारणारा रोबो घेतला. त्याची आई इतकी भारावली की दसऱ्याला तिने रोबोला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं आणि हात जोडले. रोबो निघाला तो थेट दारातल्या रांगोळीवर. रांगोळी साफ!

आईचं मत आलं, "गुणी आहे हो, पण सणवार कळत नाही त्याला."

पुस्तकांचीही सुटका नाही. पहाटे उठा आणि आयुष्य बदला, असं सांगणारं एक जाडजूड पुस्तक मी आणलेलं. दुसऱ्याच दिवशी अंधारात उठलो. रविवारी बायको मुद्दाम माझ्याबरोबर नानांकडे आली आणि म्हणाली, "पुस्तक याने वाचलं, पण चहा करायला उठले मी. माझ्याकडून एक तारा. तोही मुखपृष्ठाला!"

काकूंच्या फोनचा किस्सा जुना, म्हात्रेशेठ होते तेव्हाचा. आम्हीही त्यांना शेठच म्हणायचो. बोललं की फोन लावतो, असा नवा फोन मुलाने काकूंना दिला आणि त्यात वडिलांचा नंबर नावाने सेव्ह केला. पण काकू नवऱ्याचं नाव घेत नाहीत. कधीच नाही, उखाण्यातसुद्धा नाही. त्यांनी फोनला हुकूम सोडला, "पोरांचे बापसाला लाव."

फोनने लावला बापट डेंटिस्टला!

काकूंनी मत दिलं, "फोन हुशार हाय, पन त्याचं लगीन नाय झालं."

शेठ गेल्यावर मुलाने काकूंना हातात बांधायचं ते ठोके मोजणारं घड्याळ आणलं. त्याने ते डाव्या हातात बांधलं तसं काकूंनी काढून उजव्या हातात घातलं. डाव्या मनगटावर लग्नात गोंदलेली हिरवी अक्षरं आहेत. आम्ही ती कधी निरखून पाहिली नाहीत, बरं दिसलं नसतं.

"त्या हातावर पोरांचा बापूस हाय," काकू म्हणाल्या. "त्याचे तोंडावर पट्टा बांदू?"

आम्ही घड्याळाला पैकीच्या पैकी देऊन टाकले.

आता नाना. गेल्या वर्षापासून त्यांची नजर विझत चालली आहे. आयुष्यभर अक्षरांवर जगलेला माणूस, त्याला वर्तमानपत्राचा मथळा दिसेना. आम्ही भिंग आणलं. मग अक्षरं मोठी करणारं यंत्र आणलं, त्यात एका वेळी एकच शब्द मावायचा. नाना म्हणाले, "'आणि' वाचून होतं तोवर कोण आणि कोण ते विसरायला होतं रे." आम्ही हसलो. शेवटी त्यांनी सांगून टाकलं, "पुढच्या रविवारी पुस्तकं वाचनालयाला देतो. कपाटात नुसती पाहवत नाहीत. आता तर तीही धड दिसत नाहीत."

त्या रविवारी खोकी बांधून तयार होती. तेवढ्यात काकू एक चष्मा घेऊन आल्या. समोरची अक्षरं तो मोठ्याने वाचून दाखवतो म्हणे. "येकदा डोल्यावर चढवा, नाना. नाय जमला तर द्या पुस्तकं."

नानांनी चष्मा घातला आणि आमच्याकडे वळले. चष्मा पुरुषी आवाजात म्हणाला, "नो पार्किंग." सुधीरचा टीशर्ट!

सुधीरने वरच्या खोक्यातली एक कादंबरी काढून टेबलावर उघडली. पंख्याने पान फडफडायला लागलं म्हणून काकूंनी ते हाताने दाबून धरलं. नाना वाकले. आणि चष्मा वाचायला लागला! स्वल्पविरामाला थांबत, एकेक वाक्य. नानांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. माणसाने हे बनवलंय यावर विश्वास बसेना.

"सुमती दार उघडून अंगणात आली," चष्मा वाचत होता, "आणि तिने पाहिलं, हिराजी."

नाना ताडकन ताठ झाले. कितीतरी महिन्यांनी त्यांचा तो जुना आवाज ऐकला. "चूक आहे! हा हिराजी कोण? या गोष्टीत हिराजी नाहीच!"

सुधीर पानाकडे बघत होता. पान दाबून धरलेला काकूंचा हात डावा होता.

काकूंनी हात हलवला नाही.

"गोष्ट ऱ्हाउंदे, नाना," त्या म्हणाल्या. "तेवडंच परत वाचाला सांगा."