किंजळीच्या खोडावरचं तांबडं

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी पोचलो त्याच दिवशी जंगलाच्या गार्डानं आमच्या गावची टहाळ बंद केली. टहाळ म्हणजे झाडांच्या पाल्यासकट तोडलेल्या फांद्या. त्या वाळवून रोपाच्या वाफ्यावर पसरायच्या, उन्हाळ्याच्या शेवटी पेटवायच्या आणि त्या भाजलेल्या जमिनीत भात पेरायचं, याला राब म्हणतात. राब नसेल तर रोप पिवळं राहतं आणि तण पुढं जातं. सुप्याच्या बाजूच्या आमच्या डोंगरात भात करायची दुसरी रीत कुणाला ठाऊक नव्हती.

गार्डाचं म्हणणं असं, की गावाजवळच्या किंजळींना तांबेरा लागला आहे. आम्ही जाऊन बघितलं. ज्या झाडांच्या फांद्या दरवर्षी तोडल्या जात, त्यांच्या खोडांवर विटकरी रंगाचा थर चढला होता. बोट फिरवलं की कुंकवाची पिंजर लागावी तसं बोट तांबडं होई. कोयत्याच्या जखमांतून रोग आत शिरला, असं गार्ड म्हणाला. नाताळाच्या सुमारास रेंजरसाहेब येतील, तेव्हा ठरेल. रोग निघाला तर कायमची बंदी.

तो गेल्यावर सगळे माझ्याकडं बघायला लागले. आमच्या गावातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. गावच्या म्होरक्याला आमच्यात बुधवंत म्हणतात. तो वडिलांपेक्षा थोरला, आणि मला धारवाडला पाठवण्यावर त्याचा विश्वास नव्हता.

"झाडाचंच शिकतूस न्हवं रं?" तो म्हणाला. "मग सांग की, ह्ये काय हाय."

मला सांगता येईना. मी इंटरला, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या पुस्तकातली बहुतेक फुलं थंड मुलखातली. त्यांच्या पाकळ्या किती आणि पुंकेसर किती हे मला पाठ होतं. किंजळीचं नाव त्या पुस्तकात कुठंच नव्हतं. मी सालीचा एक तुकडा काढला, केळीच्या सोपटात गुंडाळला आणि कॉलेजात विचारतो म्हणालो. वडिलांनी ते सोपट पुन्हा सोडून नीट बांधून दिलं.

आमच्या प्राध्यापकांनी ते तांबडं खरवडून काचेवर पाण्याच्या थेंबात ठेवलं आणि मला सूक्ष्मदर्शकातून बघायला सांगितलं. आत बारीक फांद्या फुटलेले धागे होते आणि धाग्यांत नारिंगी ठिपके. हे शेवाळ आहे, ते म्हणाले, आणि जातीनं हिरवंच आहे. मी दोनदा विचारलं, कारण मला वाटलं माझं ऐकण्यात चुकलं. हिरवं असेल तर तांबडं कसं? ते म्हणाले, सावलीत ओलं ठेव आणि बघत राहा. रोगाचं विचारलं तर म्हणाले, हे झाडाचा रस घेत नाही, नुसतं सालीवर बसतं.

मी तो तुकडा खोलीच्या कोनाड्यात पेल्याखाली झाकून ठेवला. सोबतच्या मुलांना वाटलं मी गावाकडचा देव आणलाय. एकानं पेल्यापुढं शेवंतीचं फूल ठेवलं आणि परीक्षेत पास कर म्हणून हात जोडले. तिसऱ्या आठवड्यात तांबडं फिकं पडलं. सुट्टी लागायच्या आधी कडेनं खरोखरच हिरवट झालं. मला आनंद झाला, पण कशाचा ते नीट कळलं नाही. एकच जीव उजेडात तांबडा आणि सावलीत हिरवा होतो, एवढं समजलं. त्यानं आमच्या टहाळीचं काय होणार, हे समजलं नाही.

नाताळच्या सुट्टीत आगगाडीनं अळणावरला उतरलो, पुढं गाडीवानांसोबत आणि शेवटी पायी घरी आलो. रोग नाही, असं मी वडिलांना सांगितलं. मग हे आपल्याच झाडांना का, असं त्यांनी विचारलं. रेंजरसाहेबही हेच विचारणार होते. म्हणून आम्ही दोघं देवराईत गेलो. तिथं कुणी पानसुद्धा तोडत नाही. आत सगळी खोडं काळपट, ओली, कुठंच तांबडं नाही. म्हणजे दोष कोयत्याचाच, असं मला वाटलं. तेवढ्यात वडिलांनी पलीकडून हाक मारली. लाकडाच्या गाड्या जाव्यात म्हणून जंगलखात्यानं राईच्या कडेनं रस्ता पाडला होता. रस्त्याकडेच्या झाडांची रस्त्याची बाजू तांबडी झाली होती, आतली बाजू तशीच काळी.

"ह्यास्नी कुणी कोयता लावला?" वडील हसत म्हणाले. "सरकारनं?"

त्यांच्या लेखी प्रश्न सुटला होता. मी आतल्या एका खोडाची साल खरवडून बघत बसलो. तिच्यावर हिरवट काहीतरी होतं. ते हेच शेवाळ, की दुसरं? म्हणजे तांबडं नव्यानं येतं, की आधीपासून असलेलं उजेड पडल्यावर तांबडं होतं? सूक्ष्मदर्शक धारवाडला होता.

दोन दिवसांनी रेंजरसाहेब आले. देशावरचे, शांत माणूस. किंजळीखाली घोंगडं पसरलं होतं त्यावर बसले. मी पाठ केल्यासारखं सगळं सांगितलं. रोग नाही, शेवाळ आहे, झाडाला खात नाही, उजेडात तांबडं होतं. राईजवळच्या रस्त्याचंही सांगितलं. रस्ता सरकारी आहे, असं गार्ड मधेच म्हणाला तेव्हा मागं दोघंतिघं हसले.

"म्हणजे फांद्या तोडल्या की उजेड येतो," साहेब म्हणाले, "आणि उजेड आला की हे येतं."

"येतं, की असलेलंच तांबडं होतं, ते मला सांगता येत नाही, साहेब."

"तोडलं नाही तर तांबडं होत नाही. एवढं तरी खरं ना?"

मी वडिलांकडं बघितलं. ते जमिनीकडं बघत होते. मी हो म्हणालो.

साहेब राईपर्यंत चालत गेले. तिथल्या खोडावर बोट फिरवलं, रुमालाला पुसलं आणि परत येऊन हुकूम सांगितला. तांबड्या झाडांना विश्रांती द्यायची, तांबडं जाईतो हात लावायचा नाही. स्वच्छ खोडाच्या झाडांची टहाळ घ्यायला हरकत नाही.

गावाला एवढ्याचीही आशा नव्हती. बुधवंतानं सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. मी मात्र ओढ्याकडं बघत होतो. स्वच्छ खोडं होती ओढ्यापलीकडच्या दाट रानात. तिथं कुणी टहाळ घेतल्याचं वडिलांनाही आठवत नव्हतं. ती तोडली की तिथं उजेड पडणार, ती खोडं तांबडी होणार, आणि पुढच्या वर्षी आम्ही आणखी आत जाणार. गावाजवळची तर उन्हातच उभी आहेत. त्यांचं तांबडं जाणार कसं?

साहेबांची छत्री आणि डबा घेऊन ओढ्यापर्यंत मीच त्यांना पोचवायला गेलो. वाटेत त्यांनी अभ्यासाची चौकशी केली. सांगायला तेवढीच वेळ होती. पण सांगितलं असतं तर त्यांनी काय केलं असतं? कदाचित हुकूम बदलून वर्षाआड पाळी लावली असती. कदाचित सगळंच बंद केलं असतं, आणि यंदा गावात कुणाचंच रोप झालं नसतं. ओढा आला. मी छत्री त्यांच्या हातात दिली आणि परत फिरलो.

जेवताना मी वडिलांना हे सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी एवढंच म्हणाले, "यंदाचा राब झाला."

चौथ्या दिवशी आम्ही ओढ्यापलीकडं गेलो. वडील एका उंच किंजळीवर चढले, कोयता कमरेचा काढला आणि तिथनंच खाली वाकून त्यांनी विचारलं, "शेंडा ठेवू का घेऊ?"

लहानपणापासून ते टहाळ तोडत आले होते. असलं काही त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं. ठेवा, मी म्हणालो. शेंडा ठेवल्यानं सावली किती राहील, मला अंदाज नव्हता. त्यांनी ठेवला, बाजूच्याही दोन फांद्या ठेवल्या. बाकीच्या खाली आल्या तसं ऊन हळूहळू खोडावर उतरलं.

खाली आल्यावर घाम पुसत ते म्हणाले, "आता किती दिसांत तांबडं व्हईल ह्ये?"

"ठावं न्हाई, बाबा."

"मग म्हयन्या-म्हयन्याला मी बगून ठेवतो. तू आलास की सांगीन." त्यांनी कोयत्यानं बुंध्याशी एक आडवी खूण केली, मग भारा बांधायला दोर मागितला.

मी दोराचं एक टोक त्यांना दिलं आणि दुसरं ओढून धरलं.