दादाचा घसा आणि भेटीला आलेली माणसं

फेब्रुवारी १९९६, बुधवार, दुपार. बारामतीच्या दवाखान्यात हजर: खाटेवर दादा, उशाला वहिनी, पायथ्याशी कामांची यादी घेऊन मी, त्याची बहीण, आणि लासुर्ण्याहून आलेले पाच पाहुणे. पाहुणे यादीत नव्हते.

सकाळी दादाचे हर्नियाचे ऑपरेशन झाले होते. मणक्याच्या जुन्या दुखण्यामुळे कमरेत इंजेक्शन देता येईना, म्हणून पूर्ण भूल, आणि श्वासासाठी घशात नळी. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आदल्या दिवशीच बजावले होते, "नळीनं घसा सोलवटतो. तंबाखू आजपासून बंद. ऑपरेशनच्या आधी ज्येष्ठमधाच्या पाण्यानं गुळण्या, गिळायचं नाही. नंतर दोन दिवस बोलणं बंद."

मी लिहून घेतले. रविवारी दादाच्या मुलीचे लग्न होते. गावातल्या प्रत्येक लग्नात बुद्धवंदना तोच म्हणायचा. स्वतःच्या लेकीच्या मांडवात ती दुसऱ्याने म्हणावी, हे त्याला सहन होणार नव्हते.

तंबाखू सुटली, गुळण्या झाल्या. गाडी अडली ती बोलण्यापाशी. दारातून कोणी "जय भीम, तात्या" म्हटले की दादाचे उत्तर खणखणीत. जय भीम ऐकून गप्प पडून राहणे आमच्या घरात कोणाला जमलेलेच नाही.

"अरे, नुसते हात जोड," मी म्हटले.

"तोंड असताना हात कशाला?"

मग मी कागदावर "पेशंटने बोलायचे नाही" असे ठळक लिहून खाटेला बांधले. पाहुण्यांतल्या म्हाताऱ्या आबांनी ते मोठ्याने वाचले.

"बोलायचं न्हाय? का वो तात्या, काय झालं?"

आणि दादाने पहिल्या कळेपासून सगळे सांगायला घेतले.

"आबा, कागद वाचलात ना?" मी विचारले.

"वाचला की बाय. आमी कुठं बोलतोय, त्योच बोलतोय."

पाचही जण हसले. दादाही हसला आणि पोटाचे टाके धरून खोकला.

संध्याकाळी त्याचा आवाज पत्रा घासल्यासारखा निघू लागला.

"रविवारपातूर आवाज सुटंल का गं?"

"गप्प राहिलास तर."

त्याने मान हलवली. तेवढ्यात कळंबची माणसे दारात आली. वहिनीने उठून दार ओढून घेतले, तरी बाहेरून हाक आली, आणि आतून दादाने ओ दिलीच.

मी यादीत लिहिले: वंदनेला दुसरा माणूस बघणे. वहिनीने वाचले. "यांना कोण सांगणार?"

"मी सांगते," मी म्हटले. शुक्रवार उजाडला तरी मी त्याला सांगितलेले नव्हते.