लाल पाणी जाईपर्यंत

रोज सकाळी प्रयोगशाळेचं कुलूप काढलं, की बाई आधी नळ उघडायच्या. जुन्या लोखंडी पाइपांतून पहिल्यांदा लाल, गंजकं पाणी यायचं. ते स्वच्छ होईपर्यंत त्या हात बाजूला धरून उभ्या राहायच्या. शाळेत त्या एवढाच वेळ गप्प. पुढे घंटा होईस्तोवर "काच आहे, काच! जपून!" हा त्यांचा धोशा चालायचा. मुलं मागून त्यांना काचबाई म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं तर आवडायचंही. घरच्या दोन खोल्यांत त्यांना कुठल्याच नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. भाऊ-वहिनी दूरच्या शहरात. रविवारी फोन यायचा.

"ताई, बरी आहेस ना?"

"बरी आहे रे."

तेवढ्यावर रविवार संपायचा.

निवृत्ती जवळ आलेली असताना शाळेत फर्मान येऊन धडकलं. वरच्या वर्गांना विज्ञान शिकवायचं, तर शाळेला विज्ञान-तंत्रज्ञान शिक्षणाची सरकारी मान्यता हवी. नसेल तर ते वर्ग दुसऱ्या शाळेत जाणार आणि प्रयोगशाळेत मोडकी बाकं भरणार. मुख्याध्यापकांनी ते काम बाईंच्या गळ्यात घातलं.

"संध्याकाळी बसून करून टाका, बाई. तुमची घरी कोण वाट बघतंय?"

ते सहज बोलले. बाईही सहज हसल्या.

मान्यतेची रीत ऐकायला सोपी होती. आधी शाळेने स्वतःच स्वतःला तपासायचं. प्रयोग शिक्षक करून दाखवतात, की मुलं स्वतः करतात? हत्यारं मुलींच्याही हातात येतात का? मुलांनी आपल्या डोक्याने काय बनवलं? जिथे कमी, तिथे कमी असंच लिहायचं. मग दोघं जण येऊन सगळं पडताळणार. बाईंनी काहीही न लपवता लिहिलं. पण माणसं येणार म्हटल्यावर त्यांचा जीव खालीवर होऊ लागला. आयुष्य जिथे गेलं त्या टेबलांकडे त्यांनी पाहुण्यांच्या नजरेने पाहिलं आणि त्यांना लाज वाटली. आम्लाने खाल्लेले खड्डे, बर्नरने पडलेली काळी वर्तुळं, कुणीतरी कोरलेलं अर्धं नाव. त्यांनी सुताराला बोलावून प्रत्येक टेबलावर पांढरी गुळगुळीत फळी बसवून घेतली. मुलांनी भंगारातून केलेली पवनचक्की आणि वाकड्या नळीची दुर्बीण कपाटामागे ढकलली.

तपासणीला एक गृहस्थ आले आणि जाड चष्म्याच्या एक बाई. मुख्याध्यापक टेबलावरून हात फिरवत म्हणाले, "आरसा आहे, आरसा. तोंड बघून घ्या."

गृहस्थांनी तोंड बघितलं नाही. "इथे प्रयोग होतात?"

"रोज," बाई म्हणाल्या.

"पण टेबलावर एक डाग नाही. आमच्या स्वयंपाकघरात याहून जास्त रसायनशास्त्र होत असेल." त्यांनी लिहायला घेतलं.

आपणच आपल्या हाताने सगळं पुसून टाकलं, हे बाईंना त्या क्षणी कळलं.

चष्मेवाल्या बाईंनी मुलांना एक साधा प्रयोग करायला सांगितला. वर्गातली सगळ्यांत उंच, शिडी म्हणून ओळखली जाणारी मुलगी चंचुपात्र घेऊन नळाशी गेली. तिने नळ सोडला आणि हात बाजूला धरून थांबली. मागच्या मुलाने न सांगता खिडकी उघडली आणि मगच काडी ओढली.

"थांबलीस का गं?" चष्मेवाल्या बाईंनी विचारलं.

"लाल पाणी जाऊ द्यायचं असतं."

"कुणी सांगितलं?"

शिडी बुचकळ्यात पडली. "सांगितलं नाही कुणी. आमच्या बाई थांबतात."

मागून कुणीतरी कुजबुजलं, "अगं, खालचं टेबल दाखव ना त्यांना. हे तर परवा ठोकलंय."

वर्ग खदाखदा हसला. मुख्याध्यापकांचा चेहरा त्या फळीहून पांढरा झाला. चष्मेवाल्या बाई मात्र म्हणाल्या, "दाखव की."

शिडीने खणातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि सराईतपणे एकेक स्क्रू सोडवला. फळी उचलली गेली. गृहस्थ खड्ड्यांवरून, वर्तुळांवरून बोट फिरवत राहिले. "हे झाकलंत का हो?" त्यांनी विचारलं.

"पाहुणे येणार होते ना," बाई म्हणाल्या.

मान्यता मिळाली. फाटकावर पाटी लागली. मागोमाग निधी आला, नवे पाइप आले, नवी टेबलं आली आणि यंत्रं जोडायला शिकवणारी एक तरुण शिक्षिका आली. जुनी टेबलं निघाली तेव्हा मुख्याध्यापकांनी प्रेमाने विचारलं, "एक घरी नेता का, आठवण म्हणून?"

"घरी नेऊन काय करू?" बाई म्हणाल्या. "त्याच्यावर काही सांडणार कोण?"

आता नळाला पहिल्यापासून स्वच्छ पाणी येई. तरी बाई हात बाजूला धरून उभ्या राहत. नवी शिक्षिका एकदा हळूच म्हणाली, "बाई, आता थांबायला नको."

"हो गं, विसरते मी," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तशाच उभ्या.

शेवटच्या दिवशी भावाला येणं जमलं नाही. निरोपाचं भाषण मुख्याध्यापकांनी केलं. त्यात मान्यता बरेचदा आली, बाई एकदा. बोलायची पाळी आली तेव्हा त्यांनी नुसते हात जोडले. मग त्या प्रयोगशाळेत गेल्या. शिडी तोवर पुढच्या शिक्षणाला गेली होती. रिकाम्या वर्गात नवी शिक्षिका तारा गुंडाळत होती. बाईंनी किल्ली तिच्यापुढे ठेवली.

"काही सांगायचंय का, बाई?" तिने उठून उभं राहत विचारलं.

बाईंनी नळाकडे पाहिलं, टेबलांकडे पाहिलं. टेबलांवर अजून एकही डाग नव्हता. त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"जाताना खिडक्या लाव गं. वारा सुटला की काच फुटते."