लॉबीतलं जादा लोखंड

अण्णा गेले. बिल्डिंग उभी आहे.

आज वर्ष झालं.

अण्णा म्हणजे माझे पहिले बॉस. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांच्या राजारामपुरीतल्या ऑफिसात मी स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून लागले. तेव्हा कोल्हापुरात चौथ्या मजल्याच्या वर राहायला लोक कचरायचे. आणि आमच्याकडे दहा मजल्यांचं काम आलं.

त्यातला आठव्या मजल्यावरचा एक फ्लॅट अण्णांनी स्वतःसाठीच बुक केला.

त्यांच्या बायकोनं, अक्कांनी, सांगून टाकलं, "तुम्ही ऱ्हावा जावा. मी न्हाय येत."

अक्कांचं माहेर कोयनेकडचं. लहानपणी भूकंपात स्वतःचं घर पडताना पाहिलेलं. कोयनेचा बारीकसा धक्का आला की आम्ही चहा पीत बसायचो, अक्का अंगणात जाऊन उभ्या राहायच्या.

बिल्डिंगचे दोन भाग होते आणि मधे लिफ्टची चिंचोळी लॉबी.

अशा वेळी कॉम्प्युटरला सांगून टाकतात की प्रत्येक मजल्याचा स्लॅब म्हणजे एक कडक फळी. धक्का बसला की त्यावरचे सगळे कॉलम एकत्र सरकणार. हिशोब झटपट होतो. मीही तेच करायला निघाले होते.

"लॉबीपाशी फळी न्हाय गं ती," अण्णा म्हणाले. "कंबर हाय. वाकंल की."

मग तिथल्या स्लॅबचे बारीक बारीक तुकडे करून मॉडेल बनवलं. कॉम्प्युटरवर हिशोबाचा रन लावला की अख्खी दुपार जायची. पंखा घरघरायचा. अण्णा खुर्चीत डोळे मिटून हळूहळू डोलायचे.

मला वाटायचं, लागला डोळा.

"झोपलो न्हाय. आठव्या मजल्यावर हाय."

शेवटी उत्तर आलं. लॉबीच्या स्लॅबला लोखंड वाढवा. बिल्डर वैतागला.

"अण्णा, लॉबीत हत्ती बांधताय व्हय?"

"हत्ती न्हाय. बायको ऱ्हाणार हाय."

एकदा अक्का डबा घेऊन आल्या. स्क्रीनवर हिरव्या रेघांची बिल्डिंग वाऱ्यावरच्या उसासारखी डुलत होती. हे हलणं कितीतरी पट वाढवून दाखवतात, असं मी घाईघाईनं सांगितलं. त्यांचं लक्षच नव्हतं.

"ह्यात मी कुठं हाय?"

अण्णांनी काचेवर बोट ठेवलं. "हितं."

तो ठिपका लांब जायचा, परत यायचा. अक्का बघत राहिल्या, आणि अण्णा अक्कांकडे. डबा तसाच गार झाला. ती दुपार मला अजून स्वप्नासारखी आठवते.

अक्का राहायला गेल्या. पहिल्याच धक्क्याला बाहेर येऊन लॉबीत उभ्या राहिल्या. अंगण नव्हतं ना. अण्णा हे सगळ्यांना कौतुकानं सांगायचे.

गेल्या महिन्यात मुलगा अक्कांना पुण्याला न्यायला आला. तिकडं तळमजल्यावर घर आहे, छोटी बाग आहे. त्या वेळी मीही अक्कांकडेच होते.

अक्का म्हणाल्या, "हितं ह्यांनी माझ्यासाठी लोखंड जादा घातलंय. तिकडं कुणी घातलंय?"

मुलानं बॅग परत आत नेऊन ठेवली. मी लॉबीत जाऊन रडून घेतलं.

अण्णा, निवांत राहा. अक्का आठव्या मजल्यावरच आहेत.