मापाचा ब्लाउज कोणाचा?

मैत्रिणींनो, आज दमले. भाचीच्या लग्नासाठी शिवलेला ब्लाउज दुसऱ्यांदा उसवला. बंद गळा, कोपरापर्यंत बाही. आरशात मला माझी मानच दिसेना.

सून म्हणाली, "आई, हाच गळा काहून शिवून राहिल्या? तुम्हाले शोभत नाही."

"मापाचा ब्लाउजच तसा आहे," मी म्हणाले.

सत्तरच्या दशकात लग्न होऊन नागपुरात आले, तेव्हा बायका शिंप्याला अंगाचं माप देत नसत, मापाला जुना ब्लाउज देत. सासूबाईंनी लकडगंजच्या शिंप्याकडे माझ्यासाठी मोठ्या जाऊबाईंचा पाठवला. पुढे मी घरी शिवू लागले, तेही त्यावरूनच. घेर वाढत गेला, गळा तोच राहिला.

आज कंटाळून जाऊबाईंना फोन केला. म्हटलं, "तुमचा गळा आयुष्यभर घातला, आता पुरे."

त्या हसल्या. "माहा कुठचा वं? मले बी मापाले सासूबाईंचाच दिला होता. मले तरी कुठं शोभला?"

फोन ठेवून खडू घेतला. पण नवा गळा किती खोल आखायचा, ते ठरेना. हे मला कधी कोणी विचारलंच नव्हतं, मीही नाही.

खडू अजून हातातच आहे. तुमच्याकडचा मापाचा ब्लाउज मुळात कोणाचा, सांगाल?